थेंब कुठून आला?

आमच्या दारातल्या शहाबादी फरशीवर रोज सकाळी एक काळा डाग दिसायचा. रुपयाएवढा. वडिलांची मारुती ओम्नी रात्रभर तिथे उभी असायची आणि तिच्या पोटाखालून, बरोबर मधल्या भागातून, थेंब पडत राहायचे. एक मिलिलिटर तेलाचे वीस तरी थेंब होतात. म्हणजे रात्रभरात पडणारं तेल चमचाभरसुद्धा नव्हतं. एवढ्यासाठी गाडीचं अख्खं इंजिन खाली उतरवावं लागेल, असं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी सांगितलं, तेव्हा ते माझ्या गळी उतरेना. मग इंजिन उतरलं. चार दिवस मी त्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून होते. त्या एका थेंबाचा माग काढताना जे पाहिलं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी मनातल्या मनात एक प्रयोग करा. तेलाचा पत्र्याचा डबा घ्या. समोरासमोर दोन भोकं पाडा आणि आरपार एक लाटणं घाला, दोन्ही टोकं बाहेर. आता डब्यात तेल ओता, तेही इतकं गरम की पाण्यासारखं पातळ झालेलं. आणि ते लाटणं फिरवा, मिनिटाला तीन हजार वेळा. शिवाय डबा सतत हलवत राहा. किती वेळ तेल आत राहील?

इंजिनात नेमकं हेच चाललेलं असतं. क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं टोक बाहेर काढावंच लागतं, कारण त्यावर पुली बसते. मागचंही काढावं लागतं, कारण त्यावर फ्लायव्हील, मग क्लच, मग गिअरबॉक्स आणि शेवटी चाकं. ही भोकं बुजवली तर गाडी चालणारच नाही. तेव्हा ‘इंजिन का गळतं’ हा प्रश्नच मुळी उलटा आहे. आतमध्ये गरम तेलाचा पाऊस पडत असताना ते वर्षानुवर्षं गळत कसं नाही?

ही व्हॅन तुमच्या ओळखीची असणारच. १९८४ साली ती ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली, १९८८मध्ये तिचं नाव ‘ओम्नी’ झालं आणि २०१९पर्यंत ती बनत राहिली. शाळेची मुलं, भाजीच्या पाट्या, वऱ्हाड, रुग्णवाहिकेतला पेशंट, सगळ्यांना तिने पोचवलं. तिचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. मारुती ८००मध्येही ह्याच घराण्याचं इंजिन होतं. एकेका सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर, लहानशा वाटीएवढा, आणि पिस्टनची चाल ७२ मिलिमीटर. तीन वाट्यांच्या जोरावर आठ माणसं घाट चढतात, हे जमिनीवर ठेवलेलं इंजिन बघितल्याशिवाय खरं वाटत नाही.

पण उतरवण्याआधीचा दिवस मला जास्त आवडला, कारण तो तपासाचा होता. “ताई, तेल गळतंय एकीकडं आणि टपकतंय दुसरीकडं,” मिस्त्री म्हणाले. तेलाला धातूवर पसरत जायची हौस असते. वरून ओघळलेला थेंब कडेकडेने उतरतो, धावत्या गाडीखालचा वारा त्याला मागे ढकलतो, आणि सगळे थेंब शेवटी सर्वांत खालच्या बोल्टाच्या डोक्यावर येऊन भेटतात. म्हणून खालून बघून ‘इथून गळतंय’ म्हणणारा बहुतेक वेळा चुकतो. मिस्त्रींनी आधी सगळं इंजिन ब्रश मारून धुतलं, वाळवलं, आणि मग चक्क अंगाला लावायची पावडर त्यावर भुरभुरली. गाडी पंधरा मिनिटं चालू ठेवली. बारक्या आरशाने आणि बॅटरीच्या उजेडात मागची बाजू दाखवली, तर पांढऱ्या पावडरीवर एक नाजूक तपकिरी रेघ वरून खाली आलेली! प्लगांना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर जिथे बसतो तिथून, म्हणजे जवळजवळ इंजिनाच्या माथ्यावरून.

एवढ्यावर काम भागलं असतं तर किती बरं. पण इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्या घंटेच्या आकाराच्या खोळीच्या तळाशीही एक थेंब लोंबत होता. मिस्त्रींनी तो बोटावर घेतला, दोन बोटांत चोळला आणि हुंगला. गिअरबॉक्सच्या तेलात गंधकाची संयुगं असतात, दातांवर दाब आला की ती धातूवर संरक्षक थर धरतात. त्यामुळे त्या तेलाला एक उग्र, कुजका दर्प असतो. इंजिन ऑइलला तो नसतो. “गिअरबॉक्सचं नाही. मागचं सील गेलंय.” नाकाने दिलेला हा निकाल दुसऱ्या दिवशी तंतोतंत खरा ठरला.

दुसऱ्या दिवशी सीटा निघाल्या. वायरींवर चिकटपट्टीचे तुकडे लावून पेनाने आकडे घातले, नळ्यांच्या तोंडात बोळे कोंबले, पुढची बाजू चेन ब्लॉकने वर उचलली आणि इंजिन खालच्या बाजूने अलगद उतरून एका जुन्या टायरवर येऊन बसलं. गिअरबॉक्स सुटा केला, क्लच काढला, फ्लायव्हील काढलं. आणि त्यामागे दिसली ती, सगळ्या भानगडीचं मूळ असलेली, काळ्या रबराची एक कडी. क्रँकच्या मागच्या टोकाभोवतीचं ऑइल सील.

त्या कडीपाशी थांबायचंच आहे, पण आधी हे बघू की तिच्या पलीकडे तेल करतं काय. ‘घासू नये म्हणून वंगण’ एवढंच आपण शिकलेलो असतो. खरी गोष्ट फार विलक्षण आहे, आणि गंमत म्हणजे ती एका गळतीमुळेच उघडकीस आली.

१८८०च्या दशकात ब्रिटनमध्ये बीचम टॉवर नावाचे इंजिनिअर घर्षणावर प्रयोग करत होते. रेल्वेच्या डब्याचा आस फिरतो तसा एक आस, खालून तेलात बुडालेला, आणि वर बसवलेलं पितळी बेअरिंग. त्या बेअरिंगच्या डोक्यावर त्यांनी तेल सोडण्यासाठी एक भोक पाडलं होतं. यंत्र सुरू केलं तर त्या भोकातून तेल खाली जायच्या ऐवजी वर यायला लागलं आणि बाहेर सांडायला लागलं. त्यांनी भोकात बूच मारलं. बूच बाहेर ढकललं गेलं. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर येऊन निसटली. मग त्यांनी तिथे दाबमापक जोडला, आणि काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला! बेअरिंगवर टाकलेल्या वजनाचा सरासरी दाब होता साधारण १०० पौंड. तेलावर कुणी पंप मारत नव्हतं. मग हा दाब आला कुठून?

१८८३मध्ये टॉवर यांनी हे जाहीर केलं आणि १८८६मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढत नेतो. आस आणि बेअरिंग यांच्यातली जागा पाचरीसारखी निमुळती होत जाते. त्या निमुळत्या जागेत तेल कोंबलं जातं, त्याला मागे फिरायला वाव नसतो, म्हणून त्याचा दाब वाढतो, इतका की तो आसावरचं सगळं वजन उचलून धरतो. पावसात साचलेल्या पाण्यावरून वेगात गाडी गेली की स्टिअरिंग एकदम हलकं होतं, टायर पाण्यावर तरंगायला लागतं, हे तुम्ही कधी अनुभवलंय? तिथे तो जीवघेणा प्रकार आहे. इंजिनाच्या आत तोच प्रकार जीवनदायी आहे.

आता हे आमच्या ओम्नीला लावून बघा. पूर्ण जोर लावला की एका वाटीएवढ्या पिस्टनवर साधारण दीड टनाचा दणका बसतो. तो कनेक्टिंग रॉडमधून क्रँकवर येतो. क्रँक आणि त्याच्या बेअरिंगमधली फट असते मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी, केसापेक्षाही कमी, आणि जिथे सर्वांत जास्त दाब येतो तिथे तेलाचा थर उरतो अवघा काही मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्या थरावर दीड टन पेललं जातं. लोखंड लोखंडाला लागत नाही. इंजिनातला तेलाचा पंप हे वजन उचलत नाही, तो फक्त तेल पोचवतो. उचलणारा असतो तो फिरणारा आस स्वतःच.

आणि फिरणं थांबलं की? थर ओसरतो, आस खाली टेकतो. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

बेअरिंगला तेल देऊन भागत नाही, ते सतत ताजं द्यावं लागतं, कारण तेच उष्णताही वाहून नेतं. त्यामुळे प्रत्येक बेअरिंगच्या दोन्ही कडांतून तेल बाहेर फेकलं जात असतं. म्हणजे आत गळती हा नियमच आहे. फक्त ते तेल परत खालच्या चेंबरमध्ये पडतं, जाळीतून वर ओढलं जातं, फिल्टरमधून जाऊन पुन्हा फेऱ्याला लागतं. आतल्या ह्या सततच्या सांडलवंडीत बाहेर जाणारा क्रँकचा दांडा भिजलेला असतो. त्या भिजलेल्या, फिरत्या दांड्यावरून एकही थेंब बाहेर जाऊ न देणं, हे त्या रबरी कडीचं काम.

पूर्वी ह्या जागी दोरखंड, नमदा, चामडं वापरत. जर्मनीतल्या वाइनहाइम गावात फ्रॉइडेनबर्ग हा १८४९पासूनचा चामडं कमावण्याचा कारखाना होता. तिथे वाल्थर सिमर या ऑस्ट्रियन इंजिनिअरांनी चामड्याची पाकळी धातूच्या कड्यात बसवून १९३०च्या आसपास आजच्या सीलचा पूर्वज बनवला, आणि पुढे चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. जर्मन गॅरेजमध्ये ऑइल सीलला आजही ‘सिमरिंग’ म्हणतात.

मिस्त्रींनी नवं सील माझ्या हातात दिलं. बाहेरून घट्ट कडं, आतल्या बाजूला मऊ रबराची पातळ ओठासारखी धार, आणि त्या ओठाच्या पाठीशी बांगडीसारखी वळवलेली, बारीक तारेची स्प्रिंग. ही स्प्रिंग ओठाला दांड्यावर सगळीकडून सारखं दाबते. बघून वाटतं, कळलं: रबर दांड्याला घट्ट चिकटतं, म्हणून तेल अडतं.

पण जरा थांबा. कोरडं रबर पोलादावर मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी घासलं तर काय होईल? काही वेळातच जळून कडक होईल. सायकलचा ब्रेक दाबून उतार उतरल्यावर त्याच्या रबराला हात लावून बघा. मग हे सील वर्षं नि वर्षं कसं टिकतं?

उत्तर असं की दांडा फिरत असताना ते त्याला टेकतच नाही! १९५७ साली ई. टी. जॅगर या ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिलं की चालू सीलच्या ओठाखाली तेलाचाच एक अतिपातळ थर असतो, मायक्रॉनच्या मापाचा. तेल अडवणारा ओठ तेलावरच तरंगत असतो. म्हणजे तिथे फट आहे. त्या फटीत तेल आहे. फटीच्या एका बाजूला तेलाचा पाऊस आणि दुसऱ्या बाजूला मोकळी हवा. आणि तरी तेल बाहेर येत नाही!

ह्या कोड्याचं उत्तर ऐकून मी स्टुलावरून उठलेच. सील तेल अडवत नाही. सील तेल परत आत ढकलतं. तो इवलासा ओठ चक्क एक पंप असतो.

कसं ते बघा. ओठाच्या दोन्ही बाजूंचे उतार सारखे नसतात. तेलाकडचा उतार उभा, हवेकडचा सपाट. ओठ थोडा रुळला की त्याच्या टोकावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे तयार होतात. दांडा फिरताना रबराला आपल्याबरोबर ओढतो, आणि ते उंचवटे तिरके होतात. शेतात तिरक्या सऱ्या काढल्या की पावसाचं पाणी बांधाकडे वळतं ना, तसं हे तिरके उंचवटे तेलाला वळवतात. दोन्ही उतार वेगळे असल्यामुळे आत वळवणाऱ्यांचा जोर जास्त पडतो. हवेच्या बाजूने फिरत्या सीलजवळ तेल लावलं तर चांगलं सील ते आत ओढून घेतं. आणि हेच सील उलटं बसवलं तर? तर ते मन लावून तेल बाहेर उपसतं. म्हणून स्प्रिंगची बाजू तेलाकडे, हा गॅरेजमधला नियम पोरगाही पहिल्या महिन्यात शिकतो.

जुनं सील शेजारी ठेवलं, तेव्हा फरक बोटालाच कळला. नव्याचा ओठ कानाच्या पाळीसारखा मऊ, जुन्याचा नखासारखा कडक. वर्षानुवर्षांची उष्णता आणि हवेतला प्राणवायू यांनी रबर कडक होतं. कडक ओठाला दांड्याची सूक्ष्म थरथर पाळता येत नाही, मग तो पंप राहत नाही, नुसतं कडं उरतं.

मिस्त्रींनी माझं बोट धरून क्रँकच्या चकचकीत टोकावर फिरवलं. “नख लावून बघा.” नख अडकलं. जिथे ओठ बसायचा तिथे पोलादात एक बारीक चर पडला होता. रबराने पोलाद झिजवलं? मला आजोळची विहीर आठवली. काठाच्या काळ्या दगडावर दोराने पाडलेल्या खाचा, बोट जाईल एवढ्या खोल. इथेही तसंच. तेलातली बारीक कचकच मऊ ओठात रुतून बसते, आणि मग तोच ओठ पॉलिश पेपरसारखा तेच एक वर्तुळ घासत राहतो, लाखो वेळा. तासाभराच्या प्रवासात क्रँकचे पावणेदोन लाखांहून जास्त फेरे होतात. नुसतं नवं सील त्याच चरावर बसवलं असतं तर ते थोड्याच दिवसांत पुन्हा पाझरलं असतं. मिस्त्रींनी ते मिलिमीटरभर सरकवून बसवलं, म्हणजे ओठ कोऱ्या पोलादावर आला. चर खोल असेल तर वर पातळ पोलादी बाही चढवतात. आणि बसवताना ओठाला तेल लावलं. का? कारण पहिल्या काही सेकंदांत तो कोरडा फिरला तर तिथेच जळेल.

इथपर्यंत मला वाटत होतं, तपास संपला. मिस्त्रींना तसं वाटत नव्हतं. डिस्ट्रिब्युटरजवळची रबरी रिंग गेली, मागचं सील गेलं, इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगलाही घाम फुटलाय. सगळे एकदम कसे म्हातारे झाले? त्यांनी टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरकडे जाणारी अंगठ्याएवढी नळी काढली आणि उजेडाकडे धरली. आरपार काही दिसेना.

ही इंजिनाच्या श्वासाची नळी. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी स्फोटातला थोडा वायू त्यांच्या कडेने खाली निसटतोच. तो बाहेर पडायला वाट हवी. नाहीतर आत दाब वाढतो आणि तो सर्वांत कमकुवत जागा शोधतो. सील, पॅकिंग, रिंग, जे सापडेल त्यातून तेलाला बाहेर रेटतो. म्हणून कारखान्यानेच ही नळी एअर फिल्टरकडे नेलेली असते. इंजिन तो वायू ओढून घेतं आणि जाळून टाकतं.

नळी चोंदली कशाने? राखाडी, लोण्यासारख्या चिकट साक्याने. त्यात अर्धा दोष पाण्याचा. इंजिनात पाणी? हो. पेट्रोलमधला हायड्रोजन जळला की पाणीच तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी बनतं! थंडीत सकाळी सायलेन्सरच्या तोंडातून टपकतं ते हेच. बहुतेक वाफ धुराबरोबर जाते, पण थोडी खाली निसटते. लांबच्या प्रवासात इंजिन चांगलं तापलं की ती उडून जाते. पण वडिलांची गाडी रोज दोन किलोमीटर जाऊन परत येते. इंजिन धड तापत नाही, वाफ आतच थिजते, तेलात घुसळली जाते आणि साका धरतो. रोजच्या मंडईच्या फेऱ्यांनी नळी बुजवली, बुजलेल्या नळीने दाब वाढवला, आणि दाबाने जिथे वाट सापडली तिथून तेल बाहेर काढलं. सील बदलून नळी तशीच ठेवली असती तर खर्च पाण्यात गेला असता. हे बघून मला मिस्त्रींबद्दल फार आदर वाटला.

मग चेंबर उघडलं. तळाशी काळा गाळ, आणि तेल ओढणाऱ्या जाळीवर अडकलेले रबराचे निळसर तुकडे. आधी कधीतरी कुणीतरी सिलिकॉनचा लेप सढळ हाताने लावला होता. जोड आवळला की जास्तीचा लेप दोन्हीकडे फुगून येतो. बाहेरचा दिसतो, आतला तुटून तेलात पडतो आणि जाळीवर जाऊन बसतो. जाळी पूर्ण बुजली तर तेल वर जाणार नाही, आणि तेल वर गेलं नाही तर काही मिनिटांत बेअरिंगं संपली. बाहेरचा थेंब थांबवताना आतला प्रवाह तोडण्याचा हा प्रकार सर्रास होतो, आणि तो अक्षम्य आहे.

लेपांचंही एक नवल ऐकून ठेवा. हे सिलिकॉन नळीतून बाहेर आलं की हवेतली आर्द्रता शोषून घट्ट होतं. त्यातल्या काहींना घट्ट होताना व्हिनेगरसारखा वास येतो, कारण खरोखरच ॲसेटिक आम्ल बाहेर पडत असतं. याच्या बरोबर उलटा असतो बोल्टाच्या आट्यांना लावायचा द्रव. तो हवेत पातळच राहतो आणि हवा तुटली, लोखंड भेटलं की दगड होतो. अमेरिकेतल्या हार्टफर्डचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रिबल यांनी तो १९५३मध्ये बनवला. त्याची बाटली मुद्दाम अर्धी रिकामी भरतात. आत हवा राहिली नाही तर द्रव बाटलीतच गोठेल.

आणि जुन्या इंजिनांत असतं ते कॉर्कचं पॅकिंग. भूमध्य समुद्राकाठच्या एका जातीच्या ओकची ही साल. झाड न तोडता साल सोलतात, साधारण नऊ वर्षांनी ती पुन्हा काढण्याजोगी होते. १६६५मध्ये रॉबर्ट हूक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली कॉर्कचाच काप ठेवला, त्यात मठातल्या कोठड्यांसारखे कप्पे दिसले, आणि जीवशास्त्राला ‘सेल’ हा शब्द मिळाला. त्या कप्प्यांत हवा असते, म्हणून कॉर्क दाबला की दाबला जातो, कडेने फुगत नाही. रबर दाबलं की बाजूला पसरतं. पत्र्याच्या चेंबरखाली असं न पसरणारं पॅकिंग फार उपयोगी. पण त्याला एकच सहन होत नाही: जास्त आवळणं. बोल्ट करकचून आवळले की कॉर्क चिरडतो, पत्रा वाकतो आणि गळती कायमची होते. गळतंय म्हणून अजून आवळा, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

इंजिन खाली आहेच, तर बाकीची कामं ओघाने उरकली. क्लच प्लेट आणि तिचं बेअरिंग बदललं, कारण तिथपर्यंत पुन्हा कोण जाणार? इंजिनाची फाउंडेशनं, पुढचं सील, पाण्याचा पंप, प्लग. टायमिंग बेल्ट हाताला तेलकट लागला. रबराचा हा दातेरी पट्टा क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा बरोबर एक फेरा करवतो, एक दातही न चुकता. तेल लागलेलं रबर फुगतं, मऊ पडतं. तोही नवा घातला. सिलिंडरच्या डोक्यावरच्या व्हॉल्व्हची फट पट्टीने मोजली. लग्नपत्रिकेच्या जाडीपेक्षाही कमी, पण हवीच. इंजिन तापलं की धातू वाढतो. फट नसेल तर व्हॉल्व्ह पुरता मिटणार नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी इंजिन जागेवर चढलं. आकड्याला आकडा जुळवून वायरी लागल्या, नवं तेल भरलं. मला वाटलं, आता चावी फिरवायची. मिस्त्रींनी उलट तिन्ही प्लग काढून ठेवले. आठवतं, थांबलेला आस खाली टेकलेला असतो? दोन-तीन दिवस उघड्यावर असलेल्या ह्या इंजिनात तर तेलाच्या वाटाही रिकाम्या होत्या. अशा वेळी ते एकदम सुरू केलं तर पहिल्या क्षणी स्फोटाचा दणका कोरड्या धातूवर बसला असता. प्लग काढले की दणकाच नाही. नुसत्या स्टार्टरने क्रँक हलकेच फिरतो आणि पंपाला वाटा भरायला वेळ मिळतो. मी सीटवर बसून चावी धरून ठेवली. डॅशबोर्डवर तेलाच्या कुपीचं लाल चित्र जळत होतं. एक, दोन, तीन, चार… सातव्या सेकंदाला ते विझलं.

त्या विझण्याचा अर्थ आता मला माहीत होता. सीटखाली, पातळ पत्र्यापलीकडे, तेल बेअरिंगांपर्यंत पोचलं होतं.

तुमच्या गाडीचं सील बदलाल त्या दिवशी गॅरेजमध्ये थोडा वेळ थांबा. जुनं सील मागून घ्या, ओठ नखाने दाबून बघा, मग नव्याचा दाबून बघा. आणि मिस्त्रींना एवढंच विचारा: श्वासाची नळी साफ केलीत का?